अत्तराचा फाया

आमच्या लहानपणी जुम्याची नमाज आटोपून लोक मशिदीबाहेर पडले की पायऱ्यांच्या कडेला लाकडी पेटी मांडून अत्तरवाले बसलेले दिसत. ते कुणाला ‘घ्या’ म्हणून आग्रह करीत नसत. समोरून जाणाऱ्याच्या मनगटावर काचेची काडी टेकवीत, नाही तर कापसाचा इवलासा फाया करून त्याच्या कानात खोचीत. त्याचे पैसे नसत. तो माणूस घरी जाई, वाटेत चार जण भेटत. त्यांतला एखादा विचारी, ‘आज कोणते अत्तर?’ आणि पुढच्या जुम्याला तो विचारणारा पेटीपुढे उभा असे.

आज व्यापाराच्या भाषेत याला ‘व्हायरल’ जाहिरात म्हणतात. दुकानदाराने ओरडायचे नाही, गिऱ्हाइकानेच माल मिरवायचा. कल्पना जुनीच आहे. पण त्या फायात आणि आजच्या जाहिरातीत एक फरक आहे, आणि आमच्या मते सगळा नैतिक प्रश्न त्या फरकातच आहे. फायाचा वास हाच विकायचा माल होता. वास वाईट असता तर गिऱ्हाईक वाईट वास घेऊन हिंडला असता आणि अत्तरवाल्याचे नुकसान झाले असते. त्या जाहिरातीला खोटे बोलताच येत नव्हते. आज आपण जे मिरवतो तो माल नसतो. ते हसू असते, आसू असते, एखादे नाते असते. माल मागे कुठे तरी उभा असतो.

या नव्या प्रकाराचे एक गाजलेले उदाहरण १९९६ सालचे आहे. त्या वर्षी ‘हॉटमेल’ ही फुकट ई-मेलची सेवा सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक, सबीर भाटिया, भारतातून तिकडे गेलेले. या सेवेतून पाठविलेल्या प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ आपोआप जोडली जाई : तुम्हीही असा फुकट पत्ता घ्या. मित्राने मित्राला लिहिलेल्या पत्रात कंपनीची ओळ! पाहता पाहता वापरणाऱ्यांची संख्या कोटीच्या घरात गेली आणि १९९७ संपता संपता मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. पत्र वाचणाऱ्याचा विश्वास कंपनीवर नव्हता, पत्र लिहिणाऱ्यावर होता. कंपनीने वापरला तो हाच विश्वास. मैत्री भांडवल होऊ शकते, हे तेव्हा व्यापाराला उमगले.

पुढे हे तंत्र अधिक गोड झाले. २०११ साली कोका-कोलाने ऑस्ट्रेलियात बाटल्यांवर आपल्या नावाच्या जागी तिथली १५० प्रचलित नावे छापली. लोक दुकानात आपले नाव शोधू लागले, भावाच्या, मैत्रिणीच्या नावाची बाटली भेट देऊ लागले, फोटो काढून इतरांना दाखवू लागले. पेय तेच होते, चवही तीच होती. नवे होते ते फक्त हाक मारणे. माणसाला आपल्या नावाने हाक मारलेली किती हवी असते, हे त्या बाटलीने ओळखले होते.

आपल्याकडे २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीने याहून पुढचे पाऊल टाकले. टाळेबंदीने किराणा, कपडे, चपला विकणारी छोटी दुकाने मोडकळीला आली होती. कंपनीने शाहरुख खानच्या संमतीने त्याचा चेहरा आणि आवाज यंत्राला शिकविला आणि दुकानदारांना सांगितले, आपल्या दुकानाचे नाव भरा, शाहरुख ते उच्चारील. गल्लीतल्या दुकानदाराच्या फोनवर साक्षात शाहरुख त्याच्या दुकानातून खरेदी करा म्हणून सांगू लागला. कल्पनेचे कौतुक जगभर झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. ज्यांना जाहिरात कधी परवडली नसती त्यांच्या वाट्याला मोठा आवाज आला.

तरीही एक प्रश्न उरतो. ज्या दुकानाची शाहरुख शिफारस करीत होता ते त्याने पाहिले होते काय? अर्थात नाही. मग ही खोटी साक्ष झाली काय? आम्हांला वाटते, नाही. कारण पाहणाऱ्या बहुतेकांना ठाऊक होते की हा खेळ आहे, यंत्राची करामत आहे. जिथे ऐकणाऱ्याला ठाऊक असते की समोरचा जाहिरात करतो आहे, तिथे तो सावध असतो. फसवणूक सुरू होते ती ऐकणारा आपले सावधपण बाजूला ठेवतो तिथे. आणि ते आपण कुणापुढे बाजूला ठेवतो? आप्तांपुढे, शेजाऱ्यापुढे, मास्तरापुढे. म्हणून वाचकहो, शाहरुखच्या शिफारशीपेक्षा तुमची आणि आमची शिफारस जास्त जोखमीची आहे.

‘जाहिरात’ हा शब्दच पाहा. त्याच्या मुळाशी अरबीतला ‘जाहिर’ आहे, म्हणजे उघड, वर दिसणारे. त्याच्या उलट ‘बातिन’, आतले. पैगंबरांची एक हकिगत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. बाजारात धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला तर आतले धान्य ओले लागले. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असा त्यांचा प्रश्न होता. व्यापाऱ्याने तोंडाने एकही शब्द खोटा उच्चारला नव्हता. वरचे धान्य खरोखरच कोरडे होते. तरीही ती फसवणूक ठरली. जाहिर आणि बातिन यांच्यात अंतर ठेवणे, हाच तिथे गुन्हा होता.

आपल्या देशाचा कायदाही आता याच दिशेने आला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, गुन्हा पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत. मात्र त्याने आधी खातरजमा केली असेल तर तो सुटतो. जो शब्द देतो त्याने आधी राशीत हात घालून पाहावा, इतकाच याचा अर्थ. पण हा कायदा प्रसिद्ध चेहऱ्यांना आणि पैसे घेऊन बोलणाऱ्यांना धाक घालतो. फुकटात शिफारस करणाऱ्या तुमच्या-आमच्यापर्यंत तो सहसा पोहोचत नाही. तिथे फक्त आपली नीयत असते.

या नीयतीची परीक्षा आमच्या बाबतीत दोनदा झाली. पहिली २०१९ साली. होळीच्या तोंडावर सर्फ एक्सेलची एक जाहिरात आली. सायकलवरची एक छोटी मुलगी गल्लीतले सगळे रंग स्वतःच्या अंगावर घेते आणि मग पांढऱ्या कपड्यांतल्या आपल्या मुसलमान मित्राला मशिदीपाशी सोडते. ती पाहून आमचे डोळे भरून आले आणि आम्ही ती ओळखीच्या सर्वांना पाठविली. आपल्यावर कुणी तरी माया केलेली दिसावी, ही आमची भूक होती. तिकडे बहिष्काराची हाकाटी सुरू झाली. तिचा आंधळेपणा असा की काही जणांनी साबणाच्या पावडरीचा राग मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सेल’ या हिशेबाच्या प्रणालीवर काढला आणि तिला निकृष्ट शेरे दिले. आम्ही पोट धरून हसलो.

पुढल्या वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कने एक जाहिरात केली. मुसलमान घरातल्या हिंदू सुनेचे डोहाळजेवण, सासू ते तिच्या रीतीने करते आहे. पुन्हा ओरड झाली. या वेळी कंपनीने जाहिरात मागे घेतली, आणि भावना दुखावल्याबरोबरच दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्या हिताचे कारणही दिले. आम्ही संतापलो. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा वाटले, व्यापाऱ्याने समाजसुधारक व्हावे ही अपेक्षा आमची होती, त्याने तसा करार केला नव्हता. बाजाराने उसने दिलेले प्रेम बाजार परतही नेऊ शकतो. सलोखा हे आपले काम आहे. ते साबणावर आणि दागिन्यांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही.

दुसरी परीक्षा आमच्या मोहल्ल्यातली, आणि तिच्यात आम्ही नापास झालो. रमजानच्या आधी आमच्या फोनवर एक निरोप आला : अमुक बिस्किटांच्या पुड्यावर तमुक आकडा असतो, त्याचा अर्थ डुकराची चरबी. सर्व भावाबहिणींना कळवा. आम्ही कळविले. कुणाची एक पै घेतली नव्हती, हेतूही भलाच होता. आयुष्यभर शिक्षकी केलेल्या माणसाने पाठविलेला निरोप, लोकांनी डोळे मिटून खरा मानला.

नाक्यावरच्या किराणावाल्या चाचांनी रमजानसाठी त्याच बिस्किटांची खोकी भरून ठेवली होती. ती तशीच राहिली, पुरवठादाराने परत घेतली नाहीत. ईदनंतर आम्ही दुकानात गेलो तेव्हा चाचांनी एक पुडा काढून आमच्या हातात ठेवला. म्हणाले, “मास्तर, पाठवण्याआधी पुडा उलटा करून तरी बघायचा होता.” पुड्याच्या मागे शाकाहाराचा हिरवा ठिपका होता. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की तो घटक वनस्पती तेलापासूनही बनतो आणि नुसत्या आकड्यावरून त्याचे मूळ सांगता येत नाही.

आलेल्या बातमीची शहानिशा करा, हे कुराणाचे सांगणे आम्ही कितीदा इतरांना ऐकविले होते! एक्सेलवर राग काढणाऱ्यांना हसणारे आम्ही त्यांच्याहून वेगळे ठरलो नाही. आम्ही दुरुस्तीचा निरोप पाठविला. पहिला निरोप मोहल्लाभर फिरला होता, दुसरा चार-दोघांनी वाचला. भीती जितकी हौसेने पुढे पाठविली जाते तितकी माफी पाठविली जात नाही.

तेव्हापासून आम्ही स्वतःपुरता एक नियम घालून घेतला आहे. हसविणारी, रडविणारी, घाबरविणारी कोणतीही गोष्ट पुढे पाठविताना ती आपली साक्ष आहे असे समजायचे. आपण पाहिले आहे काय, चाखले आहे काय, यात आपला किंवा आणखी कुणाचा नफा आहे काय, हे आधी स्वतःला विचारायचे. उत्तर देता आले नाही तर हात आवरायचा. यामुळे आमच्याकडून पुढे जाणाऱ्या गोष्टी फार कमी झाल्या आहेत. मित्र म्हणतात, मास्तर हल्ली गप्प असतात.

चाचांच्या त्या खोक्यांतले काही पुडे आम्ही विकत घेतले. बाकीचे मुदत संपल्यावर त्यांना फेकावे लागले. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. सलाम पूर्वीसारखाच घेतात. फक्त पूर्वी नवा माल आला की ‘मास्तर, हे नेऊन बघा, कसे आहे सांगा’ म्हणत, ते आता म्हणत नाहीत.