उत्तरायुष्यातील समुपदेशन : अधिकार कशाचा?

नोकरी संपली, मुले मार्गाला लागली, आता दुःखी स्त्रियांना आधार द्यावा, या विचाराने साठीच्या आसपास समुपदेशनाचे शिक्षण घेऊ पाहणाऱ्या भगिनी पेडणे-डिचोलीकडेही भेटतात. हेतू स्तुत्यच आहे. तरी एक प्रश्न उरतो. दुसऱ्याच्या मनोव्यथेत हात घालण्याचा अधिकार वयाने आणि अनुभवाने आपोआप प्राप्त होतो काय?

या संदर्भात गोमंतकाच्याच एका सुपुत्राचे स्मरण होते. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या आबे फारिया यांनी १८१३ मध्ये, वयाच्या ५७व्या वर्षी, पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर वर्ग सुरू केले. उपचार करणाऱ्याच्या देहातून चुंबकीय प्रवाह निघतो आणि रुग्णावर परिणाम करतो, अशी तेव्हा समजूत होती. परिणामाचे मूळ रुग्णाच्याच मनात असते, असे प्रतिपादन करून फारियांनी ती नाकारली. उपचारकाचा अहंकार उतरवणारा हा विचार आजही मोलाचा आहे.

उच्च पदवीवाचून हे कार्य होऊच शकत नाही, असेही नव्हे. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ संस्थेने सामान्य व्यक्तींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाचे प्रयोग केले. नैराश्यग्रस्तांना त्याचा लाभ होतो, असे २०१० आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसले. गरोदर व बाळंतिणींसाठी तर स्थानिक मातांनाच तयार करण्यात आले. त्यांना ‘सखी’ म्हणत. मात्र या साऱ्यांना आखीव शिक्षण होते आणि त्यांच्या कामावर जाणकारांची देखरेख होती.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनी पुष्कळ सोसले आहे. त्या सोसण्याचा त्यांना सार्थ अभिमानही असतो. धोका नेमका येथेच आहे. नवऱ्याचा मार खाणारी सून समोर बसलेली असताना ‘संसारात एवढे चालायचेच’ असे शब्द सहज तोंडून निघतात आणि ती पुन्हा त्याच घरात परतते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा २००६पासून अमलात आहे. पण थोर वयाच्या बाईने ‘सोस’ म्हटल्यावर त्या कायद्याची पायरी चढण्याचे बळ तिच्यात कोठून यावे? आपला अनुभव दुसरीचा निवाडा ठरू लागला की त्यातील करुणा संपते.

दुसरी कसोटी गुप्ततेची. आपल्या गावांत प्रत्येक जण प्रत्येकाचा कोणीतरी लागतो. समुपदेशिका त्या मुलीच्या नवऱ्याची आतेही असू शकते. अशा वेळी नाते आधीच सांगून तिला दुसरीकडे पाठवणे हाच धर्म होय. खोलीत ऐकलेला शब्द देवळाच्या सभामंडपात पोहोचला, तर ती मुलगी पुन्हा कोणापाशीही तोंड उघडणार नाही. आजार गंभीर दिसल्यास बांबोळीच्या मनोरुग्णालयाची वाट दाखवण्यातही कमीपणा नाही.

मग वयाचा काहीच उपयोग नाही काय? आहे. मृत्यू, दारिद्र्य, अपमान पाहिलेली स्त्री दुसरीच्या रडण्याने घाबरत नाही. तिला घाई नसते. मौन तिला सहन होते. हे गुण अभ्यासक्रमातून क्वचितच मिळतात. म्हणून उत्तरायुष्यात या क्षेत्रात येणाऱ्या भगिनींचे स्वागत करावे. परंतु आयुष्यभर सल्ला देण्यात मुरलेल्या जिभेला आवरण्याचे शिक्षण त्यांनी प्रथम घ्यावे. माझ्या मते हा अधिकार त्या संयमातूनच मिळतो.