अर्ज भरण्याआधी

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की पारावरच्या गप्पांत संभाव्य उमेदवारांची नावे फिरू लागतात, आणि ज्याचे नाव निघते तो नकळत भावकीतली मते मोजू लागतो. अर्ज भरण्याआधी मते मोजणे स्वाभाविकच आहे. पण अर्ज भरण्याआधी आणखी एक हिशेब करायचा असतो, आणि तो स्वतःच्या उंबऱ्याच्या आतला असतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात अपात्रतेची, म्हणजे सदस्य होण्याच्या किंवा राहण्याच्या आड येणारी, कारणे दिलेली आहेत. पंचायतीच्या कराचे मागणी बिल मिळूनही ज्याने ते तीन महिन्यांत भरले नाही, किंवा ज्याने सरकारी अथवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केले, त्याला सदस्यत्व नाकारले जाते. कायद्याला वक्तृत्व लागत नाही. घरपट्टीची पावती मात्र लागते. ही तरतूद शहाणपणाचीच म्हणावी लागेल, कारण ज्याच्या ओट्याखाली गल्लीतले गटार दबले आहे, त्याने शेजाऱ्याचा ओटा हटवण्याचा ठराव कोणत्या तोंडाने मांडावा? आणि खरी कसोटी तर पुढेच आहे: थकबाकीदारांच्या यादीत सख्ख्या चुलत्याचे नाव निघाले, तर ते वाचून दाखवताना आवाज खाली येता कामा नये.

हा आवाज जिथे उठायला हवा ती ग्रामसभा, म्हणजे गावातील सर्व मतदारांची सभा, पुष्कळदा कोरमअभावी तहकूब होते. तेव्हा ज्यांच्या मनात उमेदवारीचा विचार आहे, त्यांनी अर्ज भरण्याआधी पुढच्या ग्रामसभेला जावे, मागील सभेचे इतिवृत्त वाचायला मागावे आणि पाणीपुरवठ्याचा खर्च विचारावा.