वेगाची वहिवाट

यंत्र जितके समर्थ तितकी त्याची सेवा उत्तम, ही आपली सर्वसाधारण समजूत संगणकावरील जुन्या खेळांच्या बाबतीत सपशेल खोटी ठरते. १९८१ साली आयबीएमने जो वैयक्तिक संगणक बाजारात आणला, त्यातील इंटेल ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ गतीने चाले. आणि त्या काळच्या अनेक खेळकर्त्यांनी, पात्राने एक पाऊल टाकल्यावर दुसरे टाकण्यापूर्वी किती थांबावे हे ठरविताना, प्रोसेसरला सहस्रावधी वेळा निष्फळ आकडेमोड करावयास लावून तेवढा अवकाश भरून काढला. वास्तविक त्याच यंत्रात सेकंदाला सुमारे १८.२ टोले देणारे स्वतंत्र घड्याळ होते. परंतु ज्याच्या त्याच्या मेजावरील यंत्र एकाच गतीचे असताना ती गती हाच सृष्टिनियम वाटावा, हे स्वाभाविक होते. कायद्याने न मिळालेला हक्क दीर्घ वहिवाटीने पक्का व्हावा, तसा प्रोसेसरचा मंदपणा या खेळांत वतनदार होऊन बसला.

पुढे गती वाढली, खेळ बेफाम धावू लागले, आणि कारखानदारांनी संगणकाच्या दर्शनी भागावर ‘टर्बो’ नावाची कळ बसविली, जिचा खरा उपयोग यंत्राला मंद करण्याचाच होता. (नामकरणातील ही लबाडी व्यापाराला शोभेशीच म्हणावयाची.)

याहून उद्बोधक हकिकत संगणकाचे कार्यक्रम लिहिण्याच्या टर्बो पास्कल या भाषेची आहे. त्या भाषेतील एका तयार विभागाच्या कर्त्यांनी यंत्राची गती गृहीत न धरता ती प्रत्यक्ष मोजण्याची दक्षता घेतली: कार्यक्रम सुरू होताच घड्याळाच्या एका टोल्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजावे, त्या संख्येला ५५ने भागावे, आणि येणाऱ्या उत्तरावर पुढील सर्व विलंब बेतावेत. योजना निर्दोष होती. मात्र उत्तरासाठी राखलेली जागा ६५,५३५च्या पुढील संख्या सामावू शकत नव्हती. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पलीकडचे प्रोसेसर आले तेव्हा उत्तर त्या जागेत मावेना, आणि कार्यक्रम उंबरठ्यावरच ‘त्रुटी २००, शून्याने भागाकार’ असे सांगून गतप्राण होऊ लागला. शून्य तेथे कोठेच नव्हते. परंतु न मावणारे उत्तर आणि शून्याने भागाकार या दोन्ही अपराधांची वर्दी प्रोसेसर एकाच क्रमांकाने देत असल्यामुळे गुन्हा एक आणि आरोप दुसराच, असा प्रकार झाला. बेफिकीर लेखकाचा खेळ निदान धावून तरी दाखवी. दक्ष लेखकाचा खेळ सुरूच होईना.

तथापि मंदपणा हा केवळ दोष होता असेही म्हणवत नाही. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला, तेव्हा पडद्यावरील शत्रू कमी होतील तसतसे इंटेल ८०८०वरील ओझे हलके होई आणि उरलेले शत्रू अधिक त्वरेने चालून येत. निशिकादोंनी ही यंत्राची अगतिकता दुरुस्त न करता तशीच राहू दिली, आणि खेळाची सारी उत्कंठा तिच्यावरच उभी राहिली.

चौसष्ट बिटांच्या विंडोजने सोळा बिटांच्या कार्यक्रमांना दार बंद केल्यापासून अशा खेळांचा मुख्य आश्रय म्हणजे २००२ साली अवतरलेला ‘डॉसबॉक्स’, जो आजच्या यंत्रात एक काल्पनिक जुने यंत्र उभारतो आणि त्याने मिलिसेकंदाला किती आज्ञांची तामिली करावी हे आपणास ठरवू देतो; जुन्या धाटणीच्या कार्यक्रमांसाठी तो आपण होऊन ३,००० हा आकडा धरतो. पण खरा आकडा कोणता? खेळाच्या खोक्यावर किमान कोणते यंत्र लागेल एवढे छापलेले असे. कमाल कोणते चालेल हे छापण्याची आवश्यकता क्वचितच कोणास भासली, आणि लेखकाच्या मेजावर कोणते यंत्र होते याचा दाखला त्यात नसे. म्हणून खेळणारा आकडा वरखाली करीत हाताला ओळखीची चाल लागेपर्यंत शोधत राहतो. हा पुरावा ढिला खरा, पण दुसरा उपलब्ध नाही. ज्याने तो खेळ २८६ प्रोसेसरवर खेळला त्याचा निकाल एक, ३८६वर खेळलेल्या त्याच्या शेजाऱ्याचा दुसरा. आणि दोन्ही निकाल कायम ठेवण्यावाचून मला तरी गत्यंतर दिसत नाही.