कसुतीचा धागा आणि यंत्राची नक्षी

आमच्या देशपांडे नगरात एखाद्या घरची जुनी पेटी उघडावी, तर कसुतीने भरलेले इरकली लुगडे तीत निघण्याचा संभव असतो. पदरावर गोपुर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन. कसुती ही धारवाड-हुबळी भागाची विद्या. कापडावर छाप न उठविता, केवळ धागे मोजून ती भरावयाची असते. तिच्यातील ‘गवंती’ टाक्यात सुई एक टाका वर, एक खाली अशी पुढे जाते व त्याच वाटेने परतताना राहिलेल्या जागा भरते. गाठ मारावयाची नाही. उलट बाजूही सुलट बाजूसारखीच दिसली पाहिजे.

हल्ली तरुण मंडळी अशा कलांचे नियम संगणकास सांगून क्षणात शेकडो नव्या नक्ष्या काढतात. कित्येक ज्येष्ठांना हा कलेचा अपमान वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. कारण गणित येथे बाहेरून आलेले नाही. ऑयलर या गणितज्ञाने १७३६ साली पुलांच्या कोड्यावरून जो विचार मांडला, त्यावरून असे ठरते की, सलग आकृतीतील प्रत्येक रेघ दोनदा चालावयाची असल्यास निघाल्या जागी परतणारी अखंड वाट मिळतेच. शाळेचे तोंड न पाहिलेल्या भगिनींची बोटे तीच वाट चालत आली. मद्रासच्या गिफ्ट शिरोमणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली अंगणातील कोलमांचे नियम संगणकशास्त्राच्या परिभाषेत मांडले, तेही स्त्रियांच्या हातचे ज्ञान होते.

मग प्रश्न कोठे उरतो? नियम कोणाच्याच मालकीचा नसतो; परंतु ज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्यांचे ऋण घेणाऱ्यावर राहते. यंत्राची नक्षी छापावी आणि हातभरणी म्हणून विकावी, हे आम्ही असत्य समजतो. त्या असत्याची झळ कोणास लागते? जी दिवसचे दिवस डोळे ताणून पदर भरते, तिच्या श्रमाचा भाव छापील कापडाशी तोलला जातो. यंत्राचा आकडा चुकला तर तो पुसता येतो. हिचा धागा चुकला तर भरलेले सारे उसवावे लागते.

म्हणून यंत्राने काढलेली नक्षी यंत्राची म्हणून सांगावी, मूळ कलेचे नाव लिहावे, आणि ती नक्षी कापडावर भरून घेताना योग्य मजुरी द्यावी. आरंभ आपल्याच घरी करू. पेटीतील ते लुगडे मुलांसमोर उलगडावे, उलट बाजू दाखवावी, आणि ते कोणी भरले हे ठाऊक असल्यास तिचे नाव सांगावे.