दुखावलेल्या मुलाची जबाबदारी

चौदा वर्षांचा एक मुलगा वर्गांत खुर्ची उचलून फेकतो. त्याच वयाची एक मुलगी शाळेचें नांव काढतांच कांपूं लागते व महिनेच्या महिने घराबाहेर पाऊल टाकीत नाहीं. अशांना काय म्हणावें? आपल्या खेड्यापाड्यांत उत्तर तयार असतें: तो द्वाड, ती आळशी, आणि दोघांनाहि आईबापांनीं लाडानें बिघडविलें. इंग्लंडांत या प्रश्नाला गेल्या ऐंशी वर्षांत निरनिराळीं उत्तरें देण्यांत आलीं. तीं पाहिलीं असतां एक नैतिक कोडें पुढें उभें राहतें, व त्याचाच विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

१९४५ सालच्या नियमांनीं त्या देशांत विशेष शिक्षणास पात्र अशा मुलांचे अकरा वर्ग ठरविले. आंधळीं, बहिरीं, फेंफऱ्याचा विकार असलेलीं, यांच्या पंक्तीस 'परिस्थितीशीं न जुळणारीं' असाहि एक वर्ग होता. १९८१ सालच्या कायद्यानें हे वर्ग मोडले. पुढें 'भावना व वर्तन यांच्या अडचणी' असें म्हणूं लागले. आणि २०१४ सालीं 'वर्तन' हा शब्दच गाळून 'सामाजिक, भावनिक व मानसिक आरोग्याच्या गरजा' असें नांव ठेवण्यांत आलें. नांवें बदलण्याची हौस सर्वच देशांतील सरकारांना दिसते; पण हा बदल केवळ शब्दांचा नव्हे. वाईट वर्तन हें ज्वरासारखें आहे, मूळ दुखणें आंत कोठें तरी आहे, असें त्यांत गृहीत धरलें आहे. ताप उतरावा म्हणून रोग्यास छडी मारणारा वैद्य कोणास आवडेल?

अशा मुलांसाठीं तेथें निराळ्या शाळा आहेत. वर्गांत बहुधा सातआठच मुलें, मास्तरांच्या जोडीला मदतनीस, आणि पुष्कळांना दुरून सरकारी खर्चाच्या मोटारींतून आणतात. वाचन व गणित आहेच, परंतु राग आला असतां काय करावें हेंहि तेथें धड्याप्रमाणें शिकवितात.

येथपर्यंत आमचें मन निःशंक आहे. पण ती खुर्ची ज्या मुलाच्या कपाळाला लागली, त्याच्या आईला काय सांगावें? 'फेंकणारा तुझ्या मुलाचा वैरी नव्हे, त्याचें दुःख वैरी आहे', हें उत्तर तिला पुरणार नाहीं, व पुरूंहि नये. शिवाय त्या उत्तरांत फेंकणाऱ्या मुलाचाहि अपमान दडलेला आहे. दरड कोसळली तर आपण दरडीला दोष देत नाहीं, कारण दरडीला मन नाहीं. मुलाला मुळींच जबाबदार धरावयाचें नाहीं असें ठरविलें, तर आपण त्याला दरडीच्या पंक्तीस बसविलें. 'द्वाड' म्हणणारा निदान त्याला माणूस तरी समजतो. 'बिचारा' म्हणून पाठ फिरविणारा तेवढेंहि करीत नाहीं.

या कोड्याला डेव्हिड विल्स नांवाच्या गृहस्थांनीं दिलेलें उत्तर आम्हांस मोठें विचार करण्याजोगें वाटतें. दुसऱ्या महायुद्धांत बाँबच्या भीतीनें एडिंबरो शहरांतील मुलें खेड्यांत पाठविण्यांत आलीं. त्यांपैकीं जीं कोणाच्याच घरीं टिकेनात, अशा मुलग्यांसाठीं १९४० सालीं स्कॉटलंडमधील पीबल्स गांवाजवळ बार्न्स येथें एक वसतिगृह निघालें. विल्स हे क्वेकर पंथाचे. १९३६ सालीं एसेक्स परगण्यांत वयांत आलेल्या तरुणांसाठीं अशीच छावणी त्यांनीं चालविली होती. बार्न्स येथें त्यांनीं शिक्षा बंद केली व १९४५ सालीं पुस्तक लिहून कारणें सांगितलीं. भीतीनें चांगलें वागणें हा हेतूच हलका. दुसरें, या मुलांवर शिक्षेचा प्रयोग पुष्कळ झाला होता व तो फसलाहि होता. सर्वांत मार्मिक कारण हें कीं, शिक्षा भोगलेला मुलगा हिशेब चुकता झाला असें मानतो. सावकाराचें देणें फिटलें म्हणजे कूळ जसें पुन्हां कर्ज काढावयास मोकळें होतें, तसा तो पुढच्या खोडीस मोकळा होतो. दृष्टांत आमचा आहे, विचार विल्स यांचा.

परंतु शिक्षा गेली म्हणजे जाब देणें गेलें असें नव्हे. मुलांची सभा भरे व घरांतील नियम आणि तंटे यांचा विचार तींत होई. मास्तरांच्या छडीला भिणें सोपें आहे. आपल्याच बरोबरीच्या मुलांपुढें उभें राहून 'मी असें कां केलें' हें सांगणें फार कठीण. छडी मुलाचा अपराध त्याच्या हातून काढून मोठ्या माणसाच्या हातीं देते. सभेनें तो त्याच्याच हातांत ठेविला.

राहिला प्रश्न वेगळें काढण्याचा. तीस मुलांच्या वर्गांत एकट्या मास्तरानें हें सर्व करावें असें म्हणणें अन्यायाचें होईल. लहान शाळेच्या शांततेंत कित्येक मुलें वर्षांनंतर प्रथम निवांत बसतात. तथापि तेथें सोबती सर्व तसेच, बहुतेक मुलगेच. एखादी मुलगी आली तर ती एकटी पडते. गल्लींतील मित्र तुटतात. कांहीं शाळा नफ्यासाठीं खासगी कंपन्या चालवितात, व त्यांचा खर्च स्थानिक सरकारास कितीतरी अधिक पडतो. पहिल्या शाळेंतून हांकलून दिल्यावरच पुष्कळांस हें दार उघडतें, हें आम्हांस सर्वांत अधिक खुपतें. मुलासाठीं वेगळें काढलें, कीं उरलेल्या वर्गासाठीं, हें विचारावयाचें तें मूल बाकावर असतांनाच; बाक रिकामा झाल्यावर तें कोणी विचारीत नाहीं.

त्या कायद्यांतील एका कलमाकडे मात्र आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों. अशा मुलाच्या शिक्षणाची योजना लेखी ठरते व ती पंचविसाव्या वर्षापर्यंत चालूं शकते. ती ठरवितांना मुलाचें स्वतःचें म्हणणें ऐकावें लागतें. योजना पटली नाहीं तर आईबापांना न्यायमंडळापुढें दाद मागतां येते. परंतु सक्तीचें शालेय वय संपलें म्हणजे, साधारण सोळाव्या वर्षीं, तो हक्क आईबापांकडून त्या मुलाकडे जातो. खुर्ची फेंकणारा तोच मुलगा तेथें स्वतःच्या नांवानें आपली बाजू मांडूं शकतो.