पाण्याखालची कबर

ब्रॅडफर्डच्या आमच्या गल्लीतले चाचा दरवर्षी न चुकता मय्यत कमिटीची वर्गणी भरतात. सभासद वारला की त्याला विमानाने काश्मीरमधल्या मीरपूरला पोचवायचा खर्च कमिटी उचलते. परवा म्हणाले, "मला मात्र इथंच स्कोलमूरच्या कबरस्तानात पुरायचं, पोरांना सांगून ठेवलंय."

मी चमकलोच. चाचांच्या तोंडी उठता-बसता मीरपूर असतं. झेलमवर मंगला धरण झालं, 1967 साली. जुनं मीरपूर आणि भोवतालची गावं बुडाली, लाखावर माणसं उठली. ब्रिटनने 1962 पासून येणाऱ्यांना परवान्याची अट घातली होती. चाचांना तो थोरल्या भावामुळे मिळाला. मोबदल्याच्या पैशांतून तिकीट काढलं, लोकरीच्या गिरणीत रात्रपाळी धरली. चार पैसे गाठीला बांधून परतायचं होतं, पण परतायला गाव कुठं होतं?

हे मला कुणी समजावून सांगायला नको. माझं घर उजनी धरणाच्या पोटात आहे. उन्हाळ्यात भीमेचं पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं. मंगलाचं पाणी उतरलं की तिथंही जुनी देवळं, दर्गे, कबरी उघड्या पडतात. लोक चिखल तुडवत फातिहा पढायला जातात. चाचांच्या वडिलांची कबर तिथंच आहे.

खरं तर जिथं मरण तिथंच लवकर दफन करावं, असंच बहुतेक उलेमा सांगतात. तरी एक पिढी पेट्यांतून परत जात राहिली. कुराणात 'बरझख' हा शब्द मृत्यू आणि कयामत यांच्यामधल्या पडद्यासाठी येतो, तसाच दोन पाण्यांमधल्या आडोशासाठीही. मीरपूरकरांना दोन्ही अर्थ एकदमच भेटले.

आमच्यात कबरीचा प्रश्न नाही. वडिलांच्या अस्थी मी भीमेतच सोडल्या, घर गिळलेल्या त्याच पाण्यात. वाटलं, सुटलो. पण आजही उजनीच्या काठाशी हात आपोआप जोडले जातात. मग पत्ता कुणाला हवा असतो, गेलेल्याला की मागे राहिलेल्याला?

चाचांनी आपल्यापुरतं उत्तर शोधलंय. "अब्बांच्या कबरीवर तीनदा गेलो, बेटा. दोनदा वर पाणी होतं. नातू स्कोलमूरला चालत येईल."

"मग वर्गणी कशाला भरता?"

"गल्लीतला एखादा म्हणेल ना, मला घरी न्या. त्याला कोण नेणार?"