व्हरांड्यातली शाळा

भिंत कोण बांधतं, हा प्रश्न सोपा आहे. ती बांधलेली दिसत असताना जो नुसता पुढं निघून जातो, त्याचं काय करायचं, हा खरा अवघड प्रश्न.

साताऱ्याच्या शाळेत, 1900 च्या सुमारास, भीमराव आंबेडकर नावाचं पोर कोपऱ्यात गोणपाटावर बसायचं. ते गोणपाटही रोज घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावायचा नाही. शाळा सरकारी होती. म्हणजे नियम वरचा, पण कोपरा ठरवणारे हात गावातलेच.

पुढं 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सगळ्यांना खुल्या. कागद चांगला होता. पण त्यानंतर कितीतरी वर्षांनी माझे वडील, दादा, शाळेत गेले ते व्हरांड्यात. आत मास्तर शिकवायचे आणि दादा खिडकीतून फळा बघायचे. पावसाळ्यात झड आली की पाटीवरची अक्षरं धुऊन जायची. दादा सांगायचे, "वर्षाला एकदा डिपोटी यायचा बघ तपासणीला. फेटा, बूट, सगळा थाट. आमच्या अंगावरनंच आत गेला. भाईर आला तवा आमाला बघितलं त्यानं. शेरेबुकात लिवलं, व्यवस्था ठीक." एवढं सांगून दादा हसायचे. मला ते हसू कधी सोसलं नाही.

असंच दूर अमेरिकेत झालं. 17 मे 1954 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्या पोरांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. पण निकाल राबवायचा कुणी? जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड कौंटीच्या कारभाऱ्यांनी 1959 साली एकत्र शाळा चालवण्यापेक्षा शाळांचा पैसाच बंद केला आणि सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लागलं. गोऱ्यांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्यांची पोरं 1964 पर्यंत, पाच वर्षं, सरकारी शाळेवाचून राहिली. त्याच देशात केंटकीतल्या लुईव्हिल शहरात शाळांचे प्रमुख ओमर कारमायकेल यांनी आधी पालक-शिक्षकांशी बोलून तयारी केली आणि 1956 साली फारशी गडबड न होता पोरं एकत्र बसवली. न्यायालय एकच, निकाल एकच. फरक खुर्चीवरच्या माणसाचा.

आमच्याकडं शाहू महाराजांनी 1919 साली कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. लोकांची मनं तयार होईपर्यंत ते थांबले नाहीत.

"मनं बदलल्याशिवाय हुकूम काढून काय उपयोग?" असं शहाणी माणसं अजून म्हणतात. यात थोडं खरं आहे. दादांच्या व्हरांड्यावर ठराव नव्हता का? होताच. पण म्हणून हुकूम वाया गेला असं नाही, तो पाळून घेणारा माणूस नव्हता. आणि मन बदलण्याची वाट बघायला सांगतो कोण? ज्याचं पोर आत बसलंय तो. बाहेरच्या पोराचं दुसरीचं वर्ष एकदाच येतं, ते कुणाच्या मनासाठी थांबत नाही. शिवाय मन बदलायचं तरी कुठं? एका सतरंजीवर मांडीला मांडी लागते, पेन्सिलीचा तुकडा इकडून तिकडं जातो, तिथंच ते बदलतं. वेगळं बसवून एकीची वाट बघणं म्हणजे विहिरीत न उतरता पोहायला शिकणं.

डिपोटीनं दादांना हाकललं नव्हतं, शिवी दिली नव्हती. त्यानं फक्त बघितलं आणि ठीक लिहिलं. माझ्या मते अन्याय टिकतो तो दुष्टांपेक्षा अशा ठीक लिहिणाऱ्यांच्या जोरावर. दुष्टाशी भांडता येतं, ठीक शेऱ्याशी भांडायचं कसं?

आज आमच्या गावात व्हरांडा नाही. सकाळी पिवळी बस येते आणि ज्यांना परवडतं त्यांची पोरं तालुक्याला जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात मजुरांची, ऊसतोड्यांची, आमच्या वस्तीतली. कुणी कुणाला बाहेर बसवलेलं नाही. पट तेवढा घटतो. तपासणीला साहेब अजून येतात, गाडीतून. त्यांच्या हातात वही आहे आणि त्या वहीत काय लिहायचं, हे अजून त्यांच्याच हातात आहे.